माळावरची वस्ती : प्लेगच्या सालातले मुक्ती मिशन

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सुमारे ५५ किलोमीटरवर केडगाव लागते. दौंड तालुक्यातले हे गाव महाराष्ट्राला दोन नावांमुळे ठाऊक आहे: नारायण महाराजांचे बेट आणि पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन. मुक्तीचा इतिहास सांगणारे बहुतेक जण १८९६-९७च्या दुष्काळापासून आरंभ करतात आणि रमाबाईंच्या एकटीच्या कर्तृत्वावर थांबतात. दुष्काळाने मुली रमाबाईंच्या हाती दिल्या हे खरेच. पण त्या मुलींना पुण्यातून केडगावच्या माळावर नेले ते प्लेगने, आणि माळावरच्या त्या वस्तीचा संसार चालवला तो एकमेकांशी फारसे न जमणाऱ्या अनेक चर्चांनी मिळून. संस्थेच्या आठवणी जपताना या दोन गोष्टी मागे पडू नयेत, म्हणून हा लेख मुख्यतः त्या एक-दोन वर्षांवरच रेंगाळणार आहे.

रमाबाईंची आणि रोगराईची ओळख जुनी होती. १८७४च्या सुमारास दुष्काळात वणवण करताना वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले, मागोमाग आई गेली, मोठी बहीण गेली. पायी भारत फिरताना सोबत उरलेला भाऊ श्रीनिवास १८८० मध्ये वारला. बिपिनबिहारी मेधावींशी लग्न होऊन दोन वर्षेही झाली नाहीत तोच, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पटकीने त्यांना नेले. मांडीवर तान्ही मुलगी मनोरमा होती आणि रमाबाईंचे वय होते अवघे तेवीस. अन्नावाचून माणूस कसा खंगतो आणि खंगलेल्या देहाला साथ कशी गाठते, हे या बाईने आपल्याच घरात पाहिले होते. पुढे मध्य प्रांतातल्या रस्त्याकडेला बसलेल्या मुली त्यांना परक्या वाटल्या नाहीत, याचे कारण इथे आहे.

त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या चर्चांची गोष्टही थोडी मागून सांगावी लागेल. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे अँग्लिकन भगिनींच्या मठात रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पण कोणत्याही एका चर्चचे सगळे म्हणणे मान्य करण्याचा त्यांचा पिंड नव्हता, आणि वाँटेजच्या भगिनींशी त्यांचा या बाबतीत झालेला पत्रव्यवहार प्रसिद्धच आहे. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत राहून त्यांनी विधवांच्या शाळेसाठी मदत उभी केली. १८८७च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. तिचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन धर्मगुरू होते. उपाध्यक्षांमध्ये एपिस्कोपल चर्चचे फिलिप्स ब्रुक्स होते आणि मेथडिस्ट पंथाच्या, दारूबंदी चळवळीच्या अध्वर्यू फ्रान्सिस विलर्डही होत्या. त्या काळात या पंथांचे पुढारी एका व्यासपीठावर बसणे सोपे नव्हते. इथे ते एका हिंदुस्थानी विधवेच्या शब्दावर बसले आणि दहा वर्षे शाळेचा खर्च देण्याचे त्यांनी कबूल केले. गावोगावी ‘रमाबाई मंडळे’ निघाली आणि त्यांच्या सभासदांच्या लहान लहान वर्गण्यांतून पैसा उभा राहू लागला.

त्या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. शाळेत धर्माची सक्ती नसेल, हा असोसिएशनचा करार होता. १८९३ मध्ये मुलींच्या ख्रिस्ती होण्यावरून पुण्यात वादळ उठले, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पुष्कळ पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. त्या वादाची दोन्ही बाजूंनी भरपूर चर्चा झालेली आहे, तेव्हा इथे विस्तार करत नाही. संस्थेच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की असोसिएशनची दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपणार होती आणि त्यानंतर शाळेने आपल्या पायावर उभे राहावे म्हणून रमाबाईंनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती. तिथे फळबाग लावायची आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालवायची, असा बेत होता. विहिरी खणल्या गेल्या, झाडे लागली. त्या जमिनीवर माणसे वसवण्याचा विचार तेव्हा कोणाच्याच मनात नव्हता.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या तापाचे रोगी पाहिले आणि हा प्लेग आहे असे ठामपणे सांगितले. वर्ष संपता संपता रोग पुण्यात शिरला आणि फेब्रुवारी १८९७ पर्यंत त्याने शहराला विळखा घातला. त्याच महिन्यात ४ तारखेला साथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला. (हाच कायदा २०२० मध्ये करोनाच्या वेळी पुन्हा हाती घेतला गेला.) पुण्याचा प्लेगचा बंदोबस्त वॉल्टर रँडकडे सोपवण्यात आला. गोरे सोजीर घरात शिरून रोगी शोधू लागले. रोगी इस्पितळात, घरची माणसे विलगीकरण छावणीत आणि घरातले सामान रस्त्यावर किंवा आगीत, असा तो खाक्या होता. १० मार्चला सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता प्लेगनेच गेल्या. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना चालवला होता. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये सापडला होता, पण तो उंदरांवरच्या पिसवांतून माणसात येतो हे १८९८ पर्यंत कोणी दाखवून दिले नव्हते आणि दाखवल्यानंतरही ते मान्य व्हायला काही वर्षे गेली. म्हणून सरकार माणसांच्या मागे लागले होते आणि उंदीर घराघरांत मोकळे होते.

याच हिवाळ्यात रमाबाई मध्य प्रांतात होत्या. तिथे दुष्काळ होता आणि सरकारी मदत-छावण्या व अनाथगृहे उघडली होती. तिथल्या निराधार मुलींच्या वाट्याला काय येते, हे त्यांनी पाहिले आणि स्वच्छ शब्दांत लिहून ठेवले. मूठभर अन्नासाठी मुली विकल्या जात होत्या आणि त्यांना फसवून नेणारी माणसे छावण्यांभोवती घिरट्या घालत होती. त्या आधीच्या वर्षी लोणावळ्याच्या एका ख्रिस्ती मेळाव्यात रमाबाईंनी शारदा सदनातल्या १५ मुलींच्या पंधरापट, म्हणजे २२५ मुली आपल्याला मिळाव्यात अशी प्रार्थना केली होती. मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे ३०० मुली आणल्या. त्यांना पोसायला पैसा कुठून येणार, याचे उत्तर त्यांच्याकडे तेव्हा नव्हते.

या मुली टप्प्याटप्प्याने पुण्यात येऊ लागल्या तेव्हा शहर प्लेगने हादरलेले होते. उपासाने खंगलेल्या, अंगावर फोड आलेल्या, तापाने फणफणलेल्या शेकडो मुली शहरातल्या एका आवारात दाटीवाटीने ठेवणे अधिकाऱ्यांना धोक्याचे वाटले आणि मॅजिस्ट्रेटने त्यांना शहरात ठेवायला मनाई केली. त्या हुकुमात चूक काढता येत नाही. रमाबाईंना मात्र तो पाळायला जागा हवी होती आणि त्यांच्याकडे एकच जागा होती: केडगावचा माळ.

महाराष्ट्रात प्लेगच्या दिवसांत गाव सोडून रानात झोपड्या घालून राहण्याची रीत पुढे सर्वत्र पडली. उंदीर पडू लागले की घरे कुलपे लावून मोकळी करायची, माळावर गवताची पाले ठोकायची आणि साथ ओसरल्यावर परतायचे. आपल्या आजी-पणजीच्या बोलण्यात ‘प्लेगात आम्ही रानात राहिलो’ हे वाक्य हमखास असे. मुक्तीची सुरुवात अशीच एक प्लेगची वस्ती म्हणून झाली. फरक इतकाच की या वस्तीला परत जायला गाव नव्हते.

केडगावला इमारत म्हणावी असे काही नव्हते. राहुट्या आल्या, छपरे उभी राहिली. शारदा सदनातल्या मोठ्या मुली नव्यांना सांभाळायला आल्या आणि मुक्तीच्या पहिल्या शिक्षिका, परिचारिका आणि स्वयंपाकिणी त्याच झाल्या. काम काय होते, याची कल्पना आज करणे अवघड आहे. महिनोन्‌महिने उपाशी राहिलेल्या देहाला एकदम पोटभर अन्न सोसत नाही. पेज, दूध, थोडी भाकरी असे हळूहळू वाढवावे लागते. भीतीने मुली अन्न लपवून ठेवतात, एकमेकींवर धावून जातात. कित्येक मुलींना आंघोळ, केस विंचरणे, अंथरुणावर झोपणे यांची सवय नव्याने लावावी लागली. सगळ्या वाचल्या नाहीत. ज्या वाचल्या त्यांच्यावर, औषधाचा फारसा आधार नसताना, ज्या बायकांनी रात्रंदिवस हात चालवले त्यांची नावे बहुतेक कागदांत उतरलेली नाहीत, आणि मुक्तीच्या इतिहासातली ही मोठी उणीव आहे असे मला वाटते.

माळावर ही धावपळ चालू असतानाच, मे १८९७ मध्ये, रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ला एक पत्र पाठवले. पुण्याच्या प्लेग इस्पितळात आणि छावणीत बायकांची अब्रू सुरक्षित नाही, असा त्यांचा आरोप होता आणि आपल्याच एका मुलीच्या वाट्याला काय आले ते त्यांनी त्यात मांडले होते. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्टच्या सरकारने हा आरोप फेटाळला. त्याच उन्हाळ्यात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी विलायतेत असेच आरोप केले होते. परतल्यावर त्यांना पुराव्याअभावी जाहीर माफी मागावी लागली. २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी गणेशखिंडीत रँडवर गोळ्या झाडल्या आणि त्यानंतर टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. चार वर्षांपूर्वी ‘केसरी’ने ज्या बाईवर कोरडे ओढले होते तिची आणि ‘केसरी’ची प्लेगच्या अंमलबजावणीविषयीची तक्रार या सालात एकच होती. हे फार कमी वेळा सांगितले जाते.

त्या पत्राला माझ्या मते मुक्तीच्या इतिहासात पायाच्या दगडाचे स्थान द्यायला हवे. रमाबाई त्या वेळी सरकारच्या परवानगीवर आणि परदेशी ख्रिस्ती लोकांच्या पैशावर अवलंबून होत्या. गप्प राहणे सोयीचे होते. तरी त्यांनी लिहिले, आणि ते छापणारा संपादक आल्फ्रेड डायर हा इंग्रज क्वेकर होता. ‘बॉम्बे गार्डियन’ सुरू केले होते ते अमेरिकन मराठी मिशनचे आणि नंतर मेथडिस्टांत गेलेले जॉर्ज बोवेन यांनी. संपादकाची पत्नी हेलन डायर यांनीच पुढे, १९००च्या सुमारास, रमाबाईंचे इंग्रजी चरित्र लिहिले. चर्चांची साथ धान्यात आणि पैशांत मोजता येते. रोग्यांच्या बाजूने बोलणाऱ्या बाईला आपला कागद देणे हीसुद्धा साथच होती, आणि तिला अधिक धैर्य लागते.

१८९८ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या. असोसिएशनची मुदत संपली होती. तिच्या जागी ‘अमेरिकन रमाबाई असोसिएशन’ नव्याने उभी राहिली. मनोरमा तेव्हा न्यूयॉर्क राज्यात नॉर्थ चिली येथे फ्री मेथडिस्टांच्या विद्यालयात शिकत होती. मागे केडगाव आणि पुणे सांभाळायला दोघी जणी होत्या: मिनी अब्राम्स आणि सुंदराबाई पवार. अब्राम्स या मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चच्या डीकनेस, १८८७ पासून मुंबईत मुलींची शाळा चालवणाऱ्या. त्या १८९८ मध्ये मुक्तीला येऊन मिळाल्या. सुंदराबाई पुण्यातल्या ख्रिस्ती कार्यकर्त्या, शारदा सदनाच्या जुन्या सहकारी. दौंडला अल्बर्ट नॉर्टन या अमेरिकन मिशनऱ्याने मुलांसाठी आश्रम काढला, त्यामुळे दुष्काळात सापडलेल्या मुलग्यांचीही सोय जवळच झाली. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि युरोपातून पुढे मदतनीस येत राहिले. प्रत्येकीच्या चर्चची उपासनापद्धत निराळी, बाप्तिस्म्याविषयीचे मत निराळे. रमाबाईंनी मुक्तीला कोणत्याही पंथाच्या नावाने बांधले नाही. येणाऱ्याने आपला पंथ सोबत ठेवावा, पण मुक्तीत काम करावे ते मुलींचे, हा त्यांचा दंडक होता.

दुष्काळ आणि साथीच्या काळात असहाय मुलींना ख्रिस्ती केले जाते, ही टीका तेव्हाही झाली आणि आजही होते. तिला बगल देणे बरोबर नाही. शारदा सदनात धर्माबाबत तटस्थतेचा करार होता. मुक्ती मात्र रमाबाईंनी उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून उभारली आणि हे कोणापासून लपवले नाही. ज्या मुलीला घर नाही तिच्या संमतीचा अर्थ काय, हा प्रश्न रास्त आहे. त्याबरोबर हेही खरे की त्या मुलींना घेऊन जायला दुसरे कोणी रांग लावून उभे नव्हते, आणि जे उभे होते त्यांच्यातल्या अनेकांचे हेतू रमाबाईंनी छावण्यांत पाहिलेच होते.

मुक्तीचे खरे मोठेपण मला साथ ओसरल्यानंतरच्या वर्षांत दिसते. जीव वाचवणे काही महिन्यांचे काम असते. त्यानंतर त्या जिवाला काय करायचे, हा प्रश्न उरतो आणि बहुतेक मदतकार्ये तिथे थकतात. रमाबाईंनी राहुट्यांच्या जागी दगडी इमारती उभारल्या. सकाळी शाळा आणि नंतर काम, अशी दिवसाची वाटणी केली. मुलींना शेती, दूधदुभते, विणकाम, शिवण, तेलाची घाणी, धुलाई, स्वयंपाक असे उद्योग शिकवले. ज्यांना अक्षर जमले त्या शिक्षिका झाल्या, ज्यांना जमले नाही त्याही कशात तरी तरबेज झाल्या. अंध मुलींसाठी स्वतंत्र सोय झाली आणि त्यांना ब्रेल शिकवण्याचे काम मनोरमाने हाती घेतले. फसवल्या गेलेल्या आणि समाजाने टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघाले, वृद्ध व अपंगांसाठी प्रीती सदन. शारदा सदनही पुढे केडगावला आले. रोगाने आणि भुकेने ज्यांना निकामी ठरवले होते त्यांच्यासाठी काम शोधत जाणे, आणि काम सापडले नाही तर ते निर्माण करणे, ही मुक्तीची रीत पडली.

या घडीची परीक्षा लगेच झाली. १८९९-१९०० मध्ये ‘छपन्नचा’ म्हणून ओळखला गेलेला दुष्काळ गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर कोसळला आणि पाठोपाठ पटकी आली. या वेळी तीन वर्षांपूर्वी स्वतः वाचलेल्या मुली इतरांना आणायला आणि सांभाळायला तयार होत्या. आवारातली संख्या दीड हजाराच्या पुढे गेली. अमेरिकेतल्या चर्चांतून जमलेल्या वर्गणीतून ‘क्विटो’ नावाचे मक्याने भरलेले जहाज त्याच वर्षी मुंबईला आले आणि त्या धान्याच्या वाटपात निरनिराळ्या पंथांची मिशने एकत्र बसली. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट ॲलन ह्यूम यांनी दुष्काळात केलेल्या कामाबद्दल त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक मिळाले. याच मिशनचे गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशकात पटकीच्या रोग्यांना औषध वाटून परतताना वाटेत त्याच रोगाने वारले होते. मराठी मुलखातल्या चर्चांचा रोगराईशी संबंध इतका जुना आहे.

१९०५ मध्ये मुक्तीत झालेल्या आध्यात्मिक जागृतीची वार्ता जगभर गेली. अब्राम्सबाईंच्या पुस्तकाने ती चिलीच्या मेथडिस्टांपर्यंत पोचवली. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. शेवटची वर्षे रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. ते छापले मुक्तीच्याच छापखान्यात, खिळे जुळवले मुक्तीतल्याच बायकांनी. दुष्काळात आणि साथीत टाकून दिलेल्या मुली ज्या आवारात वाढल्या, तिथे एक ग्रंथ छापून पुरा झाला. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. मुक्ती चालू राहिली.

मुक्तीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, पण बहुतेक लेखन रमाबाईंवर आणि परदेशी सहकाऱ्यांवर आहे. १८९७ च्या उन्हाळ्यात राहुटीत पेज ढवळणारी, तापलेल्या कपाळावर पट्टी ठेवणारी, पुढे कोणाची तरी शिक्षिका, सासू, आजी झालेली मुलगी कागदावर फारशी नाही. पुणे, नगर, सोलापूर, मुंबई आणि विदर्भातल्या कित्येक ख्रिस्ती घरांत ‘आमची पणजी मुक्तीची’ असे अजून सांगितले जाते. ज्यांच्या घरी अशी आठवण, जुने छायाचित्र, पणजीच्या हातचे शिवण किंवा शाळेचा दाखला असेल, त्यांनी तो कपाटात पडू देऊ नये. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला शेजारी बसवून, गावाचे नाव आणि साल विचारून, ऐकलेले सगळे लिहून काढावे आणि त्याची एक प्रत संस्थेकडे द्यावी. ऐकलेले सांगणारी पिढी आता थोडीच उरली आहे. हे काम यंदाच व्हायला हवे.